चिपाड चुलवाणात घालायचं, गॅसिफायरला द्यायचं की बायोगॅस करायचा?

कराड-वाळवा पट्ट्यातल्या गुऱ्हाळवाल्याला कुणी 'चिपाडापासून वीज करून देतो' म्हणालं, तर आधी कागद-पेन्सिल घ्यावी. १ टन उसामागे साधारण ६०० किलो रस निघतो आणि ४०० किलो ओलं चिपाड उरतं. ते उन्हात वाळून २०० किलोच्या आसपास भरतं. त्या रसाचा १०० किलो गूळ करताना ५०० किलो पाणी उडवावं लागतं, म्हणजे रस तापवण्यासकट जवळपास ३ लाख किलोकॅलरी. वाळलेलं चिपाड किलोला ३,५०० देतं असं धरलं, तर हातात ७ लाख. चुलवाणातली निम्म्याच्या जवळपास उष्णता काहिलीला, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईला, लागली तरच जळण पुरतं. विजेसाठी उरणार काय?

म्हणून पहिला खर्च चुलवाणावर. खाली जाळी, हवेला वाट, उंच धुराडं आणि धुराच्या वाटेवर दुसरी काहील, म्हणजे वाया जाणाऱ्या उष्णतेवर पुढचा रस तापतो. काळा धूर दिसला की चिपाड ओलं आहे, एकदम कोंबलंय किंवा हवा कमी पडतेय. थोडं थोडं, सारखं टाकत राहावं. सांगलीकडे हळद शिजवणाऱ्यालाही उष्णताच हवी असते. त्यानेही वाफेच्या कुकरला साधी भट्टी जोडावी, इंजिनच्या नादी लागू नये.

गॅसिफायर कमी हवेत जळण अर्धवट जाळून गॅस करतो आणि त्या गॅसवर इंजिन चालून वीज होते, पण हे यंत्र खाण्यापिण्याचं चोखंदळ. ओलावा १५ ते २० टक्क्यांच्या आत हवा आणि १ युनिटला सव्वा ते दीड किलो जळण लागतं. सुटं चिपाड आत कमान धरून अडकतं, खाली पोकळी होते आणि गॅस पातळ पडतो. त्यामुळे चिपाड दाबून ब्रिकेट म्हणजे विटकुरं करणं आलं. मक्याची रिकामी कणसं किंवा लाकडाचे तुकडे असतील तर बरं चालतं. खरा त्रास टारचा, म्हणजे गॅसबरोबर येणाऱ्या चिकट डांबरासारख्या पदार्थाचा. गॅस नीट धुतला-गाळला नाही तर टार इंजिनच्या व्हॉल्व्हला चिकटतो, आणि गॅस धुतलेलं काळं पाणी ओढ्यात सोडता येत नाही. रोज राख काढणारा, फिल्टर बदलणारा माणूस नसेल तर हे यंत्र घेऊच नये.

बायोगॅसला चिपाड चालत नाही, त्यातला लिग्निन, म्हणजे कडक लाकडी भाग, जिवाणूंना पचत नाही. त्याला साखर कारखान्याची मळी म्हणजे प्रेसमड, रस गाळल्यावर उरणारा गाळ, हवी. २५ टन मळीमागे सुमारे १ टन सीबीजी (शुद्ध करून दाबून भरलेला बायोगॅस), असा ढोबळ आडाखा आहे. मात्र मळी मिळते गाळप हंगामात, आणि ढिगात पडली की आपोआप तापून कुजते, गॅस हवेत जातो. वर्षभर टाकी चालवायची तर शेणाची सोय आधी बघावी. टाकी ३५ ते ३८ अंशांवर ठेवावी. सामू (पीएच) ६.५ च्या खाली घसरला की आधी मळी घालणं थांबवावं, मग चुना. चुना टाकत मळीही घालत राहिलं की टाकी आंबते. सल्फिटेशन, म्हणजे गंधकाच्या धुराने रस साफ करणाऱ्या, कारखान्याच्या मळीत गंधक असतं, त्यातून होणारा हायड्रोजन सल्फाइड इंजिनचे बेअरिंग खातो. इंजिनच्या आधी लोखंडी किसाचा फिल्टर बसवावा आणि किस कधी बदलला, त्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.