फोंड्यातल्या वकीलबाई: चोवीस सुपाऱ्या आणि एक अडलेली सही

वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे, म्हणून बाईंचं नाव इथे लिहीत नाही. ऑफिस गोव्यात, फोंड्यात आहे, दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. माझी आई ७६ वर्षांची, गुडघे दुखणारी. पहिल्याच भेटीत ती जिन्यात दोनदा बसली. खाली बसायची काही सोय नाही, ही माझी पहिली तक्रार. पुढच्या वेळी बाई स्वतः खाली आल्या आणि आमच्या गाडीत बसून अर्धा तास बोलल्या, तेही सांगायला हवं.

आमचं गाव सावई वेरे. घर आणि कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, बाबांच्या नावावर. बाबा गेले, मृत्युपत्र नव्हतं. मागे आई, पुण्यातला भाऊ, मी आणि धाकटी बहीण. याआधी आम्ही एका एजंटाकडे गेलो होतो. त्याने सांगितलं, "बहिणींनी हक्कसोड करून द्यायची, भावाच्या नावावर चढवतो, महिन्यात काम." आईच्या हक्काचा विषय त्याने काढलाच नाही. मी त्या कागदावर सही करणार होते, हे आज आठवलं तरी पोटात गोळा येतो. एकदा सोडलेला वारसाहक्क परत मागता येत नाही.

आईने बाईंसाठी कुळागरातल्या सोललेल्या सुपाऱ्या नेल्या होत्या. बाईंनी त्यातल्या चोवीस मोजून, ही सगळी मालमत्ता समजा म्हणून, टेबलावर ठेवल्या. बारा उचलून आईपुढे सरकवल्या आणि म्हणाल्या, "आई, या वारशाच्या नव्हेत. या तुमच्याच. लग्न झालं त्या दिवसापासून." उरलेल्या बारा बाबांच्या, त्या आम्हा तिघांत चार-चार. मुलगा-मुलगी फरक नाही.

आई कितीतरी वेळ त्या बारा सुपाऱ्यांकडे बघत राहिली. पन्नास वर्षं तिने त्या कुळागरात पाट वळवले, पण बाबा गेल्यावर "आता मी कोणाकडे राहू?" असं विचारत होती.

गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामाईक, वडिलोपार्जितसुद्धा. हे १८६७च्या पोर्तुगीज संहितेपासून चालत आलेलं आहे. वारसा आणि वाटणीचे नियम आता गोव्याच्या २०१२च्या कायद्यात आहेत, तो २०१६च्या डिसेंबरात लागू झाला. भावाने बाबांच्या पुण्यातल्या छोट्या फ्लॅटचं विचारलं. बाई म्हणाल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितलंय, गोवेकराची मालमत्ता गोव्याबाहेर भारतात कुठेही असली तरी वारसा इथल्याच कायद्याने. म्हणजे तोही याच चोवीस सुपाऱ्यांत.

आईला मृत्युपत्र करायचं होतं. बाईंनी तिच्या बारांतल्या सहा बाजूला केल्या. "एवढ्याच तुमच्या मर्जीच्या. बाकीच्या सहा मुलांसाठी राखीव, त्या सहसा कोणाला नाकारता येत नाहीत." मृत्युपत्र सब-रजिस्ट्रारकडे जाऊन, दोन साक्षीदारांसमोर. ते झालं. बाईंच्या टायपिस्टने आईचं नाव एक-चौदाच्या उताऱ्यात (गोव्यातला जमिनीचा उतारा, सात-बारासारखा) आहे त्यापेक्षा वेगळं टाइप केलं होतं, त्यामुळे एक फेरी फुकट गेली. जिना दोनदा चढायला लावणारी ही चूक मला बरीच लागली.

पण मी हे लिहायला बसले ते बहिणीमुळे. ती दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आली. घटस्फोट झालेला नाही. आणि सामाईक मालमत्तेचा नियम उलटाही लागतो: तिच्या चार सुपाऱ्यांवर त्याचाही हक्क, म्हणून वाटणीच्या कागदावर त्याची सही हवी. तो सही अडवून बसला होता. पैसे मागत होता, फोनवर धमक्या देत होता. एजंट म्हणाला होता, "जावयाला समजवा." बाईंनी तिला तसं काही सांगितलं नाही. सांगितलं ते कटू होतं: लग्न कायद्याने टिकून आहे तोवर त्याचा हक्क पुसता येणार नाही. मग लगेच पुढचं: त्याच्या सहीवाचून अडायचंही कारण नाही. सगळ्यांची संमती असेल तर कागद करून वाटणी होते, नसेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून कोर्टामार्फत वाटणी. कोर्ट त्याला नोटीस काढतं. तो आला तर ऐकतं, सही दिली नाही म्हणून वाटणी थांबत नाही. तोवर मालमत्ता सांभाळणारा कारभारी म्हणून पहिलं नाव हयात जोडीदाराचं, म्हणजे आईचं. कुळागराचे तुकडे करायचे नसतील तर वाटेकऱ्यांतच बोली लागते. जो घेतो तो बाकीच्यांचा हिस्सा रोख देतो.

धमक्यांचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं नाही. २००५च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे संरक्षणाचा आदेश मागता येतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत द्यायची असते, हे समजावून दिलं आणि म्हणाल्या, "यासाठी मला पैसे देऊ नकोस. विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही, वकील फुकट मिळतो. फोन १५१००." स्वतःची फी सोडून असं सांगणारं माणूस मला या सगळ्या धावपळीत दुसरं भेटलं नाही. बहीण गेली, तिला वकील मिळाला, आदेशही मिळाला. आता ती रात्री फोन बंद न करता झोपते.

इन्व्हेंटरी अजून चालू आहे. लवकर संपेल असं बाईंनी कधीच म्हटलं नाही. पहिल्या भेटीचे हजार रुपये घेतले, पुढची फी कागदावर लिहून दिली, त्यापेक्षा जास्त मागितले नाहीत. फोन मात्र उचलत नाहीत, त्या बाबतीत मी खूश नाही.

जायचं असेल तर चार वाजल्यानंतर थेट जा, सकाळी त्या कोर्टात असतात. एक-चौदाचा उतारा, मृत्यूचा दाखला आणि सगळ्यांच्या लग्ननोंदणीचे दाखले न्या, जावई-सुनांचेसुद्धा. म्हातारं माणूस बरोबर असेल तर खालूनच निरोप पाठवा, त्या उतरून येतात.