निकोटिनचं च्युइंगम (2 मिलीग्रॅम): मुलासाठी घेतलं, तीन महिन्यांचा अनुभव

मुलगा 17 चा, बारावीला. क्लासबाहेरच्या टपरीवर सिगारेट सुरू झाली ती दिवसाला सहा-सातवर गेली. 18 च्या आतल्यांना विकायला बंदी आहे, महाराष्ट्रात 2020 पासून सुट्टी सिगारेट पण बंद, तरी याला रोज मिळत होती. ओरडून झालं, शपथा घालून झाल्या, शेवटी तोच म्हणाला आई मला सोडायचीय पण डोकंच चालत नाही गं.

मी सरळ मेडिकलमधून हे गम आणलं, डॉक्टरला न विचारता, आणि तिथेच माझं चुकलं. दुकानात कोणासाठी हवंय, कसं खायचं, काहीच विचारलं-सांगितलं नाही. पोराने साध्या च्युइंगमसारखं कचाकचा चावलं, लाळ गिळत राहिला, मग उचक्या, मळमळ, घसा जळतोय. म्हणाला यापेक्षा सिगारेट बरी. मला रडू आलं.

मग डॉक्टरकडे गेलो. त्यांनी पहिलं विचारलं, उठल्यावर किती वेळात ओढतोस? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सवय जास्त पक्की समजतात, याला तासाभराने लागायची म्हणून कमी ताकदीचं, 2 मिलीग्रॅमचंच गम चालू ठेवलं. चार-पाच वेळा हळू चावायचं, जिभेला झिणझिण्या आल्या की थांबून गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचं, झिणझिण कमी झाली की परत चावायचं, असं अर्धा तास. निकोटिन गालाच्या आतून शोषलं जातं, गिळलं की पोटाला त्रास. आणि चहा, कॉफी, कोल्ड्रिंक घेतलं तर त्यानंतर 15 मिनिटं गम नाही, नाहीतर नीट शोषलं जात नाही. हे कळल्यावर उचक्या गेल्या.

डॉक्टरांनी हेही स्पष्ट सांगितलं की मोठ्या माणसांत गमचा फायदा सिद्ध झालाय पण या वयाच्या मुलांवर अभ्यास कमी आहेत, त्यामुळे नुसत्या गमवर सोडू नका, कोणीतरी सतत बोलणारं पाहिजे. 1800-11-2356 ही सरकारची फुकट क्विटलाईन आहे, म्हणजे तंबाखू-सिगारेट सोडायला मदत करणारा फोन नंबर, तिथे तो स्वतः बोलतो, माझ्यासमोर नाही, आणि तेच बरंय. मला वाटतं अर्धं काम त्या बोलण्यानेच केलं.

चव पुदिन्याची, मागून तिखट, त्याला अजून आवडत नाही. गममध्ये पण निकोटिन असतंच, म्हणून पाकीट माझ्याकडे असतं आणि मी मोजून देते, पण धूर नाही, टार नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही.

दिवसाला आठ गम लागायचे, आता तीन. प्रिलिमच्या टेन्शनमध्ये दोनदा सिगारेट ओढली, घरी येऊन स्वतः सांगितलं. मी रागावले नाही, गम काढून हातावर ठेवलं.