अर्ध्यावर अडकलेला टप आणि अक्कलकोट रस्त्यावरची हायड्रोलिक कार्यशाळा

गेल्या ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाचे ढग सोलापूरवर दाटून आलेले असताना आमच्या १९६२ सालच्या शेवरोले इम्पालाचा कापडी टप, म्हणजे खटका दाबला की घडी होऊन मागे जाणारे छत, अर्ध्यावर उभा राहिला. तो पुढेही जाईना आणि मागेही येईना. डॅशबोर्डखालचा खटका दाबला की मागच्या सीटमागे मोटर घूं घूं करत असे, परंतु टपाची चौकट तसूभरही हलत नसे. ही गाडी माझ्या थोरल्या काकांनी हैदराबादहून आणलेली, आणि तिच्यावर ताडपत्री टाकून रात्र काढण्याची वेळ त्यांच्या हयातीत कधी आली नव्हती. माझ्यावर ती विजापूर रस्त्यावर, भर वस्तीत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या वायरमनला बोलावले, त्याने पाच मिनिटांत मोटर गेल्याचे सांगितले आणि नवी मोटर परदेशातूनच मागवावी लागेल असा निकाल दिला. तो मान्य करण्यापूर्वी एका शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मी अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कार्यशाळेत गेलो. त्या कार्यशाळेच्या कामाचे हे परीक्षण आहे. तिथे मोटारी दुरुस्त होत नाहीत. टिपर, जेसीबी आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे हायड्रोलिक जॅक दुरुस्त होतात, आणि माझ्या मते याच कारणासाठी हे काम तिथे नीट झाले.

त्याचे असे की, या जातीच्या गाड्यांचा टप म्हणजे आकाराने लहान टिपरच असतो. १९३९ साली अमेरिकेतील प्लिमथने यंत्राने उघडणारा टप प्रथम बाजारात आणला, तेव्हा तो इंजिनाच्या निर्वात दाबावर चालत असे. पुढे हायड्रोलिक पद्धत रुळली. मागच्या सीटमागे उलटसुलट फिरणारी विजेची मोटर, तिला जोडलेला पंप आणि तेलाची टाकी, आणि टपाच्या दोन्ही बाजूंना एकेक जॅक, एवढाच हा संसार आहे. प्रत्येक जॅकला दोन नळ्या असतात. मोटर एका दिशेने फिरली की तेल जॅकच्या खालच्या भागात शिरून दांडा वर ढकलते, आणि दुसऱ्या दिशेने फिरली की वरच्या भागात शिरून तोच दांडा खाली आणते. ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीच्या जॅकवर ज्याचे आयुष्य गेले आहे, त्याला यात नवे ते काय!

मिस्त्री गाडीपाशी आले आणि हत्याराला हात लावण्याआधी त्यांनी मला फक्त खटका दाबायला सांगितले. मोटरचा आवाज कान लावून ऐकला आणि म्हणाले, "मालक, बोंबलतीय म्हंजे जिवंत हाय की ती. तेल कुठं गेलं ते बघू." भार नसलेली मोटर चढ्या सुरात फिरते आणि तेल रेटणारी मोटर जड आवाज काढते, हा फरक त्यांनी मला दोनदा ऐकवला. खटका दाबल्यावर काहीच आवाज येत नसेल तर वायर, फ्यूज, अर्थिंग आणि खटका तपासावा, आणि मोटर फिरूनही टप हलत नसेल तर तेलाकडे वळावे, इतकी ही साधी वाटणी आहे. सकाळच्या पाहणीत नेमकी तीच राहून गेली होती.

मागची सीट काढल्यावर त्यांनी दोन्ही जॅकखाली जुने वर्तमानपत्र पसरले आणि खटका पुन्हा दाबायला लावला. उजवीकडच्या कागदावर रुपयाएवढा डाग उमटला, आणि तो पाहता पाहता तळहाताएवढा झाला. त्यानंतर जे झाले ते मला विशेष आवडले. पाण्याच्या बाटलीचा तळ कापून त्यांनी त्यात पाणी घेतले आणि टाकीतल्या तेलाचे काही थेंब त्यात सोडले. तांबडा भाग वर तरंगत राहिला, उरलेला पाण्यात विरघळून गेला. तरंगले ते एटीएफ, म्हणजे पॉवर स्टिअरिंगला वापरतात त्या जातीचे तेल, आणि विरघळले ते ब्रेक ऑइल.

ते ब्रेक ऑइल मीच ओतले होते, हे इथे कबूल करणे भाग आहे. जुन्या अमेरिकन गाड्यांच्या टपात ब्रेक ऑइलच असे आणि नंतरच्या गाड्यांत एटीएफ आले, हे खरे आहे; परंतु मधल्या साठ वर्षांत कोणी सील बदलून तेलाचा प्रकारही बदलला असेल, हे माझ्या ध्यानात आले नाही. एटीएफसाठी बसवलेले नायट्राइल रबराचे सील ब्रेक ऑइलमध्ये फुगतात आणि मऊ पडतात, आणि ब्रेक ऑइलच्या सीलचे खनिज तेलात तसेच हाल होतात. म्हणून गाडीच्या सालावर विसंबण्यापेक्षा टाकीत आज काय आहे ते पाहावे. शिवाय ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर रंग निघतो, आणि डिकीच्या कडेला माझ्या या उद्योगाची खूण अजून आहे.

टप खाली आणण्याची त्यांची रीतही सांगण्यासारखी आहे. अडकलेली चौकट जोर लावून दाबली तर तिची लांब हाडे वाकतात, आणि ती पुन्हा सरळ करणे नव्या जॅकपेक्षा महागात पडते. त्यांनी दोन्ही जॅकच्या वरच्या पिना काढून चौकट मोकळी केली आणि दोन पोरांना दोन बाजूंना उभे करून, एकाच वेळी, तान्हे मूल निजवावे तशी ती खाली उतरवली.

हे जॅक तोंड दाबून कायमचे बंद केलेले होते. ते लेथवर कापून, आटे पाडून, उघडता येईल असे नवे झाकण त्यांनी बसवले. दांडा इंची मापाचा आणि बाजारातले सील मिलिमीटरचे, म्हणून सीलची खाच नव्याने कातावी लागली. गळत एकच जॅक होता, तरी त्यांनी दोन्ही उघडण्याचा आग्रह धरला, कारण एका बाजूने जोर आणि दुसऱ्या बाजूने आळस झाला की टप तिरका चढतो. टाकी धुऊन ताजे एटीएफ भरले, दांडे चौकटीला न जोडताच पाच-सहा वेळा वरखाली करून हवा काढली, आणि मगच पिना घातल्या. या सगळ्याचे त्यांनी ९,२०० रुपये घेतले, ते मला मुळीच जास्त वाटले नाहीत.

तक्रारीही आहेत. चार दिवसांचे काम एकोणीस दिवस चालले. कारखान्यांचा गळीत हंगाम तोंडावर आला की ऊसतोडणीची यंत्रे आणि ट्रॉल्या या कार्यशाळेच्या दारात रांगेने उभ्या राहतात, आणि त्या रांगेत माझ्या इम्पालाचा मान शेवटचा होता. हे मला समजते, पण तारीख देताना ते सांगायला हवे होते. गाडी तेवढे दिवस उघड्या आवारात धूळ खात होती. पांढऱ्या टपावर तेलकट पंजा उमटला, तो साबणाने गेला नाही. बिल म्हणजे वहीच्या कागदावर लिहिलेला एक आकडा. विजेचे काम ते करत नाहीत, त्यामुळे खटक्याचे जळालेले पॉइंट दुसरीकडून साफ करून घ्यावे लागले. ते जळण्याचे कारण मात्र त्यांनीच सांगितले: टप पूर्ण बसल्यावरही मी खटका दाबून धरत असे. आता इंजिन चालू ठेवून, टप पुढच्या काचेच्या चौकटीला अडकवणाऱ्या कड्या सोडल्याची खात्री करून मगच खटका दाबतो आणि टप टेकला की सोडतो.

टपाचे कापड इतके दिवस घडी होऊन आखडले होते, त्यामुळे पुढची कडी दोन बोटे मागे राहत होती. त्यावर कोणताही कारागीर लागला नाही. पाऊस सरल्यावर दोन दिवस दुपारी गाडी उन्हात उभी केली आणि कडी लागली. सोलापूरच्या उन्हाचा असाही उपयोग होतो.

हे काम करून घ्यायचे असेल तर ऊस संपल्यावर, उन्हाळ्यात जावे, गाडीवर घालायला घरची चादर न्यावी, आणि सहा महिन्यांची तोंडी हमी वहीवर लिहून घ्यावी. मी ती लिहून घेतली आहे. मागच्या सीटखाली वर्तमानपत्र अजून पसरलेले असते. काल त्यावर उजव्या बाजूला एक बारीक तांबडा ठिपका दिसला, म्हणून सोमवारी गाडी पुन्हा दाखवायला नेणार आहे.