हंगामभर मोबाइलवर कबड्डी बघितल्यानंतर

गेला अख्खा हंगाम मी कबड्डी मोबाइलवरच बघितली. पाच-सात मिनिटांचे हायलाइट्स, अर्ध्या मिनिटाचे उभे तुकडे आणि पूर्ण सामने, तिन्ही. आता मत पक्कं झालंय: कबड्डीचा व्हिडिओ आवडतो की डोक्यात जातो, हे रिकाम्या, म्हणजे कुणालाच गुण न मिळालेल्या, चढाया ठेवल्यात की कापल्यात यावर ठरतं.

प्रो कबड्डीत संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. म्हणजे तिसऱ्या चढाईतली सगळी धग आधीच्या दोन चढायांतून आलेली असते. हायलाइट्सवाले नेमक्या त्याच उडवतात. मग दिसतं काय, तर एक गडी आत गेला आणि चौघांनी त्याला लोळवला. एवढा आत तो घुसलाच का, हे नवख्या माणसाला कळणार कसं?

प्रो कबड्डीची 1 मार्च 2024 ची फायनल घ्या. पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 ने हरवलं. गुणसंख्येवरूनच कळतं की सहजासहजी कुणी गुण देत नव्हतं. पंकज मोहितेची चार गुणांची चढाई तुकड्यात यायलाच हवी, जबरदस्त होती. पण तिची किंमत कळायला आधीची कोंडी बघावी लागते.

उभ्या व्हिडिओंचा मात्र मला मनापासून राग येतो. चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडे झुकतो तेव्हा उजवीकडचे दोघे हाताची साखळी धरून मागून वळत असतात. पकड तिथे शिजते. उभ्या चौकटीत ते दोघे गायब! किमान सहा बचावपटू मैदानात असतील तरच बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण, मिळतो, पण इथे ते मोजायचे कसे? वर ढणढणाट संगीत, त्यात चढाईपटूचा दमही ऐकू येत नाही. शिवाय निकाल शीर्षकातच फोडलेला. नोव्हेंबर 2021 पासून यूट्यूबवर नापसंतीचा आकडा प्रेक्षकांना दिसत नाही, त्यामुळे आधी अंदाजही येत नाही.

सगळ्यात समाधान दिलं ते गावोगावच्या स्पर्धांच्या थेट प्रक्षेपणांनी. कॅमेरा एकच, गुणफलक कधी कधी वाचताही येत नाही. पण सातही गडी कायम समोर, आणि माइकवरचा समालोचक मराठीत सांगतो, ‘बोनस टाकलाय, पंचांनी दिला नाही.’ मी आता हेच जास्त बघतो.

तुकडे बनवणाऱ्यांना एकच विनंती: तिसरी चढाई दाखवताना आधीच्या दोन जोडा, हवं तर दुप्पट वेगाने. एक चढाई तीस सेकंदांची असते. व्हिडिओ फार तर अर्ध्या मिनिटाने वाढेल.