सामाईक सूक्ष्मदर्शक: अळंबी आणि लाकूड यांच्या अभ्यासासाठी ऑलिंपस सीएक्स२३

अळंबी पाहणाऱ्याचे आणि लाकूड ओळखू पाहणाऱ्याचे काम एकाच सूक्ष्मदर्शकावर भागेल का, आणि तो महाग असेल तर चार-पाच जणांनी मिळून घ्यावा का, असे दोन प्रश्न पुण्यातल्या आमच्या लहानशा गटापुढे होते. सगळा विचार करून आम्ही ऑलिंपसचा सीएक्स२३ घेतला, तोही दोन डोळ्यांच्या नळ्यांखेरीज कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असलेला. या कंपनीचा सूक्ष्मदर्शकांचा व्यवसाय २०२२ पासून एव्हिडंट या नावाने चालतो, त्यामुळे दरपत्रकावर ते नाव दिसले तरी यंत्र तेच आहे. पुरेसा वापर झाल्यावर दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर होकाराचे आहे. मात्र अळंबीसाठी हा होकार निःशंक आहे, लाकडासाठी काही अटींसह आहे, आणि सामाईक मालकीसाठी लेखी नियमांवर अवलंबून आहे.

खरेदीला गेल्यावर सर्वांत आधी कानावर पडतो तो वर्धनाचा आकडा. त्याकडे फार लक्ष देऊ नये. बारकावा किती दिसेल हे ठरते ते ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगावर, कोरलेल्या न्यूमेरिकल ॲपर्चरवरून, म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेते हे सांगणाऱ्या आकड्यावरून. सीएक्स२३ सोबत ४, १०, ४० आणि तेलात बुडवून वापरायचे १०० पटीचे, अशी चार ऑब्जेक्टिव्ह येतात आणि त्यांची ॲपर्चर अनुक्रमे ०.१०, ०.२५, ०.६५ आणि १.२५ आहेत. हिरव्या प्रकाशात ४० पटीखाली सुमारे ०.४२ मायक्रोमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगळे दिसू शकतात, तर १०० पटीखाली हेच अंतर ०.२२ वर येते. रुसुला गटातील अळंब्यांच्या बीजाणूंवर बारीक काटे आणि जाळी असते, तिची उंची बहुधा एक मायक्रोमीटरच्या आतबाहेर असते आणि जात ठरवताना तिचाच आधार घ्यावा लागतो. आयोडीनयुक्त द्रावणात हे काटे निळे-काळे होतात आणि तेलाच्या ऑब्जेक्टिव्हखाली ते इतके स्वच्छ दिसतात की चित्र काढायला बसावेसे वाटते. रस्त्याकडेच्या गुलमोहराच्या बुंध्यावर उगवणाऱ्या गॅनोडर्माचे बीजाणू मोठे, दुहेरी भिंतीचे आणि एका टोकाला छाटल्यासारखे असतात. ते ४० पटीवरही ओळखू येतात, पण दोन भिंतींमधले बारीक खांब पाहायचे तर तेलाशिवाय गत्यंतर नाही.

या चारही ऑब्जेक्टिव्हची प्रतिमा कडेपर्यंत सपाट राहते. स्वस्त सूक्ष्मदर्शकात मध्यभाग स्पष्ट असतो तेव्हा कडा धूसर असतात आणि कडा स्पष्ट केल्या की मध्य जातो. बीजाणू मोजणाऱ्याला हा दोष फार त्रास देतो, कारण मोजपट्टीवर नीट आडवे पडलेले वीस-तीस बीजाणू शोधताना संपूर्ण दृष्टिक्षेत्र कामी आले पाहिजे. आयपीसमधली, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगातली, मोजपट्टी आम्ही वेगळी घेतली. एक मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेल्या काचपट्टीवर प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी तिचे प्रमाण एकदा ठरवून तो कागद यंत्राच्या झाकणाच्या आत चिकटवला आहे. यंत्र सामाईक असेल तर हे विशेष महत्त्वाचे आहे, नाहीतर प्रत्येकाची मापे वेगळी येतात आणि नोंदी एकमेकांशी जुळत नाहीत.

प्रकाशासाठी अर्ध्या वॉटचा एलईडी आहे आणि तेवढा पुरतो. कंडेन्सर, म्हणजे नमुन्यावर खालून प्रकाश एकवटणारे भिंग, साध्या ॲबे प्रकारचा असून त्याला पडदा आहे, पण दिव्याच्या तोंडाशी दृष्टिक्षेत्र आवळणारा दुसरा पडदा नाही. त्यामुळे कोलर पद्धतीची, म्हणजे फक्त दिसणाऱ्या भागावर एकसारखा प्रकाश पाडणारी, संपूर्ण प्रकाशजुळणी करता येत नाही. अळंबीच्या पातळ, दाबून केलेल्या स्लाइडवर त्याने फारसे बिघडत नाही. रंगहीन कवकतंतू काँगो रेडने किंवा फ्लॉक्सिनने रंगवावेत आणि पडदा थोडा मिटावा, म्हणजे तंतूंच्या सांध्यावरचे हुकासारखे जोड आणि टोपीखालच्या पाकळ्यांच्या कडेच्या मोठ्या पेशी सुबक उठून दिसतात. लाकडाचा छेद जाड असेल तर मात्र आजूबाजूचा प्रकाश शिरून प्रतिमा फिकी पडते. या किमतीच्या यंत्रात माझ्या मते हीच सर्वांत मोठी मर्यादा आहे.

लाकडाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण गटात सामील होऊ इच्छिणारे बहुतेक लाकूडकामवाले नेमके इथेच अडखळतात. लाकूड ओळखण्याचे अर्धेअधिक काम धारदार पात्याने स्वच्छ केलेल्या आडव्या कापावर दहा पटीचे हातभिंग धरूनच होते. सागात वर्षाच्या सुरुवातीच्या मोठ्या वाहिन्या, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, वलयाने मांडलेल्या दिसतात, तर शिसवीत वाहिन्या विखुरलेल्या असतात आणि त्यांच्या भोवती फिकट मूलऊतींचे, म्हणजे अन्न साठवणाऱ्या पेशींचे, पंख पसरलेले असतात. एवढे पाहण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. शिवाय सीएक्स२३ मध्ये प्रकाश खालून येत असल्यामुळे लाकडाचा अखंड तुकडा त्यावर ठेवून काही दिसतही नाही. त्याची गरज पुढच्या टप्प्यावर पडते: स्पर्शिकेच्या दिशेने घेतलेल्या छेदात शिसवीचे काष्ठकिरण (खोडाच्या मध्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्या) मजल्यांसारखे ओळीत बसलेले आहेत का, किरण किती पेशींचे रुंद आहेत, वाहिन्यांच्या भिंतीवरील खाचांना आतून झालर आहे का, हे प्रश्न आले की. १९८९ साली लाकूडशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने रुंदपर्णी लाकडांची १६३ सूक्ष्म लक्षणे निश्चित केली. त्यांतली बरीच चांगल्या सूक्ष्मदर्शकाखेरीज तपासता येत नाहीत. शिसवी ज्या डल्बर्जिया प्रजातीत येते ती संपूर्ण प्रजाती २०१७ पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराखाली नियंत्रित आहे. त्यामुळे जुन्या फर्निचरचे किंवा वाद्याचे लाकूड नेमके कोणते, हा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही.

छेद घेणे हे यंत्रापेक्षाही अवघड आहे. प्रयोगशाळेत सरकत्या मायक्रोटोमने, म्हणजे पातळ काप घेणाऱ्या यंत्राने, पंधरा ते पंचवीस मायक्रोमीटर जाडीचे छेद मिळतात. घरी लाकडाचा छोटा चौकोन पाण्यात उकळून मऊ करावा आणि दाढीच्या नव्या पात्याने काप घ्यावा, म्हणजे त्याच्या एका कडेला तरी वापरण्याजोगा पातळ भाग मिळतो. सॅफ्रानिनने तो रंगवला की चार पटीखाली पाच मिलिमीटरचे आणि दहा पटीखाली दोन मिलिमीटरचे क्षेत्र दिसते. सागाच्या वाहिन्यांत फुग्यांसारख्या शिरलेल्या पेशी पाहताना आमच्या गटातले एक ज्येष्ठ सुतार, ज्यांनी आयुष्यभर साग रंधला आहे, बराच वेळ आयपीसवरून डोळा काढायला तयार नव्हते.

अळंबी आणि लाकूड या दोन्ही अभ्यासांना जोडणारा एक उपाय मी आवर्जून सुचवेन, आणि त्याला फार खर्च येत नाही. ध्रुवणपटलाचे, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पटलाचे, दोन तुकडे घ्यावेत, एक दिव्यावर आणि दुसरा आयपीसवर ठेवून फिरवावा. पार्श्वभूमी काळी होते आणि निरोगी लाकडाच्या पेशीभित्तिका, तसेच मूलऊतींतले कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक चमकू लागतात. तपकिरी कुज करणारी कवके सेल्युलोज खातात, त्यामुळे त्यांनी पोखरलेल्या भागातली ही चमक मावळते. पांढरी कुज करणारी कवके लिग्निनही, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणारे द्रव्यही, विघटित करतात. एकाच ओंडक्यातला निरोगी आणि कुजलेला भाग असा शेजारी ठेवून पाहिला म्हणजे कवक लाकडात काय करते याचे उत्तर डोळ्यांसमोर असते. अभ्यासासाठी नमुने आम्ही रस्त्याकडेच्या पडलेल्या झाडांचे किंवा जमीनमालकाच्या परवानगीनेच घेतो. अभयारण्यातून काहीही उचलत नाही.

आता सामाईक मालकीविषयी. अंबाल्यात तयार होणारे सूक्ष्मदर्शक याच्या कितीतरी कमी किमतीत मिळतात आणि शाळेसाठी तेच घ्यावेत. पण पाच जणांनी पाच साधे सूक्ष्मदर्शक घेण्यापेक्षा एक चांगला घ्यावा असे आम्हाला वाटले, कारण बीजाणूंच्या कामात कमी दर्जाचे तेलाचे ऑब्जेक्टिव्ह असून नसल्यासारखे असते. हातभिंग, पाती, रंगद्रव्ये आणि वाळवलेले नमुने प्रत्येकाचे स्वतःचे आहेत. यंत्र एकाच घरी, एकाच टेबलावर राहते आणि फिरवले जात नाही. दोन आयपीसमधले अंतर ४८ ते ७५ मिलिमीटरपर्यंत बदलता येते, म्हणून प्रत्येकाने आपला आकडा नोंदवहीत लिहून ठेवला आहे आणि बसताच तो लावून घ्यायचा असतो.

नियम थोडे आहेत, पण पैसे देण्यापूर्वीच लिहून सह्या केल्या. तेल वापरल्यानंतर ४० पटीचे ऑब्जेक्टिव्ह त्या स्लाइडवर परत फिरवायचे नाही, कारण ते तेलात बुडते आणि आत शिरलेले तेल घरी निघत नाही. काम संपताच तेल भिंगाच्या कागदानेच टिपायचे, रुमालाने नाही. दरवर्षी प्रत्येकाने ठरलेली रक्कम दुरुस्तीच्या खात्यात भरायची. कोणी गट सोडला तर त्याचा वाटा घसारा वजा करून इतरांनी विकत घ्यायचा, बाहेरच्याला परस्पर विकायचा नाही. हे शेवटचे कलम लिहिताना काहींना अवघडल्यासारखे झाले होते, पण मैत्री टिकवायची असेल तर ते हवेच.

पावसाळ्याची काळजी सर्वांत मोठी. आपल्या हवेत भिंगांवरही बुरशी धरते आणि ती काचेवरचा लेप कायमचा खराब करू शकते. जून ते ऑक्टोबर या काळात आमचे यंत्र आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर राखणाऱ्या कपाटात असते. कपाट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि नियमित गरम करून वाळवलेली सिलिका जेल एवढे तरी करावे. प्लॅस्टिकच्या आवरणात गुंडाळून मात्र ठेवू नये, आत ओल कोंडते. जिथे सूक्ष्मदर्शकाने निर्णय होत नाही, तिथे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील राष्ट्रीय कवक संग्रहाकडून शुल्क भरून ओळख करून घेता येते. गटाने वर्षाला काही नमुन्यांसाठी तेवढी तरतूद ठेवावी.

खरेदीपूर्वी विक्रेत्याकडे स्वतःची स्लाइड घेऊन जावे. दुकानातल्या रंगवलेल्या तयार स्लाइड कोणत्याही यंत्राखाली छान दिसतात, रंगहीन बीजाणूंची आपली स्लाइड दिसेलच असे नाही. गटात लाकूडवाले अधिक असतील तर आणखी एक गोष्ट पाहावी. लाकडाच्या छेदाला २० पटीचे ऑब्जेक्टिव्ह फार उपयोगी पडते, कारण त्याखाली एक मिलिमीटरचे क्षेत्र आणि पुरेसा बारकावा दोन्ही मिळतात. सीएक्स२३ च्या फिरत्या चकतीवर मात्र चारच जागा आहेत, आणि दर बैठकीला एखादे ऑब्जेक्टिव्ह काढून दुसरे बसवणे मला मान्य नाही, त्यात धूळ आत जाते. अशा गटाने थोडे थांबून, आणखी एखादा भागीदार मिळवून, पाच जागांचा सीएक्स४३ घ्यावा.