५२ पाकिटांचा दान-संच: पाकिटं बदला, पॅड ठेवा

कल्पना चांगली, कागद हलका. मंडळीच्या (चर्चच्या) सभासदांनी दान घालून द्यायच्या, सांगलीत छापून मिळणाऱ्या या वार्षिक संचात ५२ रविवारांची पाकिटं, नाताळ, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), पुनरुत्थानदिन (ईस्टर) आणि उपकारस्तुतीचा सण यांची चार वेगळी, शिवाय मोजणी-पत्रकांचं एक पॅड येतं. पाकिटावर नाव नाही. सभासद क्रमांक, तारीख आणि रकमेची चौकट एवढंच. हे योग्य केलंय. क्रमांकांची वही खजिनदाराच्या कपाटात राहते आणि कोणी किती टाकलं याची चर्चा उपासनेनंतरच्या चहावर होत नाही. पण कागद इतका पातळ की पाचशेची नोट बाहेरून ओळखू येते. मग डाव्या हाताला कळू न देण्यात उरलं काय? दहाची चार नाणी घातली की खालचा जोड उकलतो. पावसाळ्यात झाकणाचा डिंक दमट हवेनं आपोआप चिकटतो आणि कोरं पाकीट फाडावं लागतं. छापायला देतानाच जाड कागद आणि बिनडिंकाचं, आत खोचायचं झाकण मागावं.

२०२३ मध्ये रविवार ५३ आले होते, २०२८ मध्येही येतील; तेव्हा एक पाकीट जादा सांगा. संच जानेवारीत सुरू होतो, ट्रस्टचं हिशेबी वर्ष मात्र ३१ मार्चला संपतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंतचा गठ्ठा वेगळा बांधून ठेवला नाही, तर ऑडिटच्या वेळी दोन वर्षांची पाकिटं एकमेकांत मिसळतात.

संचाला दिलेले पैसे वसूल होतात ते पॅडमुळे. त्यात ‘लिहिलेली रक्कम’ आणि ‘निघालेली रक्कम’ असे दोन रकाने शेजारी शेजारी आहेत. बायबलमधल्या हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोचा दोष कमी देण्यात नव्हता, थोडं देऊन सगळं दिल्याचं भासवण्यात होता. हे दोन रकाने त्याच जागी बोट ठेवतात. अर्थात बहुतेक वेळा फरकाचं कारण साधी घाई असते: दोन नोटा चिकटलेल्या, किंवा आकडा घरी लिहिला आणि नोट वाटेत सुट्टी केली. निघाली तेवढीच रक्कम धरायची, फरकापुढे मोजणाऱ्या दोघांनी सही करायची, पाकीट पत्रकाला टाचायचं आणि सभासदाला त्याच दिवशी बाजूला घेऊन सांगायचं.

सह्या दोन हव्यातच, आणि त्या नवरा-बायकोच्या किंवा बाप-लेकाच्या नकोत. खजिनदारही त्या दोघांत नको. बायबलच्या ‘२ राजे’ पुस्तकाच्या १२व्या अध्यायात यहोयादा याजकानं (मंदिराच्या पुरोहितानं) झाकणाला भोक पाडून पेटी ठेवली, पण पैसे मोजायला राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे येत. त्याच अध्यायाच्या १५व्या वचनात कारागिरांना पैसे देणाऱ्यांकडून हिशेब घेत नसत असं आहे. हिशेब टाळणाऱ्यांना नेमकं तेवढंच वचन पाठ असतं. पाच वचनं वर दोघांनी मोजून पिशव्या बांधल्या, ते वाचायचं राहतं.

खरा घोळ मोजणीनंतर होतो. पाहुण्या पाळकांचं (धर्मगुरूंचं) एसटीभाडं, वेदीच्या फुलांचे पैसे दानाच्या थाळीतूनच दिले जातात आणि पत्रकावर एक आकडा, बँकेच्या स्लिपवर दुसरा राहतो. चोरी कुणीच केलेली नसते, पण सिद्ध कसं करणार? आधी सगळी रक्कम सोमवारी बँकेत, मग खर्च व्हाउचरवर. पॅडवर स्लिप क्रमांकाची जागाच नाही, ही त्याची मोठी उणीव. समासात हातानं चौकट आखून घ्यावी लागते.

यूपीआयचाही रकाना नाही. क्यूआर मंडळीच्या खात्याचाच असावा आणि देणाऱ्यानं शेऱ्यात पाकीट क्रमांक टाकावा. खजिनदाराच्या मोबाइलवर आलेलं दान दुसऱ्या दिवशी वर्ग केलं तरी ते त्या दोन सह्यांना चुकवूनच गेलेलं असतं.

पॅड १०० पानी आहे. कार्बन लावून दोन प्रती काढल्या तर ५० रविवारच पुरतात, सण वेगळेच. दोन पॅड घ्या.