समानता केव्हा येते? मध्यांच्या असमतांवरील एका पाठमालेचे परीक्षण

असमतांची, म्हणजे एक राशी दुसरीपेक्षा लहान नाही असे सांगणाऱ्या विधानांची, सूत्रे तोंडपाठ असूनही उदाहरण समोर आले की पहिली पायरी सुचत नाही. या अडचणीला कंटाळूनच मी अंकगणितीय, भूमितीय आणि हरात्मक मध्यांच्या असमतांवरील ही १४ पाठांची ऑनलाइन पाठमाला घेतली आणि सोबतच्या सरावपुस्तिकेसह पूर्ण केली. या असमतांचे सार असे: धन संख्यांचा अंकगणितीय मध्य (साधी सरासरी) भूमितीय मध्यापेक्षा (दोन संख्यांसाठी गुणाकाराचे वर्गमूळ) आणि तो हरात्मक मध्यापेक्षा (व्यस्तांच्या सरासरीचा व्यस्त) कधीच लहान नसतो; सर्व संख्या समान असतील तेव्हाच हे मध्य समान होतात.

पाठमालेची खरी कमाई तिसऱ्या पाठात आहे. क्ष धन असताना क्ष + ४/क्ष ची किमान किंमत ४ येते, आणि ती क्ष = २ असताना, हे कोणीही सांगेल. शिक्षक मात्र लगेच क्ष किमान ३ असण्याची अट घालतात. आता ‘बेरीज ४ पेक्षा लहान नाही’ हे विधान खोटे ठरत नाही, पण ४ ही किंमत कधीच गाठली जात नसल्यामुळे ते कुचकामी ठरते. किमान किंमत क्ष = ३ ला मिळेल असा अंदाज बांधून, तेथे दोन्ही पदे समान व्हावीत म्हणून ते क्ष चे ४क्ष/९ आणि ५क्ष/९ असे दोन तुकडे करतात. पहिल्या तुकड्याची ४/क्ष शी जोडी लावली की ८/३ मिळतात, उरलेला तुकडा किमान ५/३ असतो, आणि उत्तर १३/३ येते. हा ४/९ कोठून आला, हे इतक्या सावकाशीने समजावलेले मी तरी पूर्वी पाहिले नव्हते. एरवी असे गुणक उत्तरात आकाशातून पडल्यासारखे अवतरतात.

नेसबिट यांची १९०३ ची प्रसिद्ध असमताही नेटकी मांडली आहे: अ, ब, क धन असताना अ/(ब+क), ब/(क+अ) आणि क/(अ+ब) यांची बेरीज किमान ३/२ असते. या तिन्ही पदांत १ मिळवला की प्रत्येक अंशस्थानी अ+ब+क येते आणि अंकगणितीय व हरात्मक मध्यांच्या तुलनेने ३/२ ही मर्यादा दोन ओळींत हाती लागते.

याउलट, अंकगणितीय व भूमितीय मध्यांच्या असमतेची कोशी यांनी १८२१ मध्ये दिलेली सिद्धता अक्षरशः उरकली आहे. आधी दोन, चार, आठ इतक्या संख्यांसाठी असमता सिद्ध करायची आणि मग एकेक पायरी मागे यायचे, ही त्यातील कल्पना विलक्षण आहे; तिला पाच मिनिटे देणे हा अन्यायच होय. जेन्सेन यांच्या (बहिर्वक्र फलनांविषयीच्या) असमतेवरील शेवटचे दोन पाठ नसते तरी चालले असते.

सर्वांत खटकली ती सरावपुस्तिकेतील एक चूक. क्ष आणि य धन असून क्ष + य = १ असताना (क्ष + १/क्ष)(य + १/य) ची किमान किंमत उत्तरसूचीत ४ छापली आहे. प्रत्येक कंस किमान २ असतो हे खरे. परंतु त्यासाठी क्ष आणि य दोन्ही १ असावे लागतात, मग त्यांची बेरीज १ कशी होणार? ज्या चुकीपासून तिसरा पाठ सावध करतो, तीच येथे घडली आहे. गुणाकार उलगडल्यावर क्ष·य + १/(क्ष·य) आणि क्ष/य + य/क्ष असे दोन गट पडतात. क्ष·य हा गुणाकार १/४ पेक्षा मोठा होऊ शकत नसल्याने पहिला गट किमान १७/४ आणि दुसरा किमान २ येतो. दोन्हींत समानता क्ष = य = १/२ लाच येते, म्हणून उत्तर २५/४. निर्मात्यांना कळवूनही दुरुस्ती झालेली नाही; माझ्या प्रतीत मी ती पेन्सिलने केली आहे.